वळचणीची उंची, ओसरीची रुंदी

घराचा दरवाजा आणि अंगण यांच्यामध्ये, छप्पर असलेली पण निदान एका बाजूने भिंत नसलेली जी जागा असते, तिला जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत एकच एक नाव नाही. जमिनीपासून उचललेला बांधीव चौथरा तो ओटा. खांबांवर छप्पर पेललेली, दर्शनी बाजूने उघडी आणि घरात येणाऱ्याला प्रथम लागणारी ती ओसरी. मुख्य छपराचाच उतार पुढे, मागे किंवा बाजूला वाढवून त्याखाली काढलेली ठेंगणी जागा ती पडवी. आणि नव्या सिमेंटच्या बंगल्यापुढे, बहुधा मोटारीसाठी, स्लॅब टाकून केलेला तो पोर्च. बोलण्यात ही नावे एकमेकांच्या जागी सर्रास येतात, परंतु बांधकामाच्या दृष्टीने त्यांतील फरक महत्त्वाचा आहे, कारण ओट्याचा प्रश्न जमिनीचा आणि जोत्याचा असतो, तर ओसरीचा आणि पडवीचा प्रश्न मुख्यतः छपराचा असतो. नवे घर आखताना या जागेच्या वाट्याला विचार फार थोडा येतो; खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बसवून झाल्यावर पुढे जे चार फूट उरतात ते नकाशावर पोर्च म्हणून दाखवले जातात आणि घर बांधून झाल्यावर तेथे चपलांखेरीज काही मावत नाही.

या दोन तालुक्यांत ओसरीचे एकच प्रमाण माप सांगता येत नाही, याचे पहिले कारण पाऊस हे आहे. दोन्ही तालुके पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेले आहेत आणि पूर्वेला अवर्षणप्रवण पठारात उतरतात. भीमाशंकरच्या परिसरात वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो, तर तेथून एका दिवसात जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावरील लोणी-धामणीच्या किंवा बेल्ह्याच्या बाजूला तो पाच-सहाशे मिलिमीटरवर येतो. पश्चिमेकडील भातशेतीच्या, हिरड्याच्या पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजांच्या जुन्या घरांची छपरे माणसाला वाकून आत शिरावे लागेल इतकी खाली आलेली दिसतात. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती पावसात टिकवायच्या तर त्यांना पाण्याचा स्पर्शच होऊ न देणे हा एकमेव उपाय होता आणि पडवी हा त्या उपायाचा भाग होता. तेथील पडवीत सरपण कोरडे राहते, जनावर बांधले जाते, आणि पावसाची झड लागली की उघड्या बाजूला ताट्या बांधून ती बंदही करता येते. पूर्वेकडे ओसरीचे काम वेगळे आहे. तेथे पावसापेक्षा उन्हाची अडचण मोठी. दुपारी सावली आणि संध्याकाळी वारा मिळावा, कांदा निवडायला, बाजारात न्यायच्या मालाच्या जाळ्या भरायला बसता यावे, हे तिच्याकडून अपेक्षित असते. मंचर किंवा नारायणगावच्या गवंड्याने बांधलेली चांगली ओसरी जशीच्या तशी पश्चिमेच्या आहुप्याच्या बाजूला नेली, तर पहिल्या आषाढातच ती निरुपयोगी ठरते.

ही जागा या प्रदेशात किती जुनी आहे, याचा पुरावा जुन्नरच्या डोंगरांत खडकात कोरलेला आहे. लेण्याद्रीची बहुसंख्य लेणी दक्षिणाभिमुख असून त्यांतील सातवे लेणे, म्हणजे आज गिरिजात्मज गणपतीचे मंदिर म्हणून ओळखला जाणारा बौद्ध विहार, हा खांबांच्या ओसरीतून आत जावे लागणारा मोठा मंडप आहे. विहार म्हणजे भिक्षूंचे वर्षावासातील निवासस्थान, आणि वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे महिने एका जागी राहण्याचा नेम. तेव्हा पावसासाठीच असलेल्या या घरांना पुढे ओसरी कोरावी लागली हे स्वाभाविक होते. डोंगरात कोरलेल्या दालनाला छप्पर पेलण्यासाठी दर्शनी खांबांची तितकीशी गरज नसतानाही कारागिरांनी लाकडी घराचे खांब आणि तुळया दगडात उतरवल्या, यावरून त्या काळच्या लाकडी घरांना तशी ओसरी असली पाहिजे असा तर्क करता येतो. ती घरे काळाच्या ओघात गेली, त्यांची दगडी प्रतिकृती राहिली.

ओसरीची रुंदी, म्हणजे घराच्या भिंतीपासून बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर, ठरवताना तेथे नेमके काय होणार आहे हे आधी ठरवावे लागते. चार फुटांत माणूस दाराशी उभा राहून कुलूप काढू शकतो, छत्री मिटू शकतो, एवढेच. सहा फुटांत भिंतीला पाठ लावून बसलेल्यांच्या पुढून जाण्यापुरती वाट राहते, पण बाज टाकली की ती वाट बंद होते, कारण बाजेची रुंदी तीन फुटांच्या आसपास असते आणि माणसाला विनाअडथळा जाण्यास निदान तीन फूट लागतात, शिवाय बाज भिंतीला अगदी चिकटून ठेवली जात नाही. आठ फुटांत बाज आणि वाट दोन्ही बसतात, आणि याच कारणाने आठ फूट हे माप बहुतेक कुटुंबांना पुरेसे होते. समोरासमोर दोन पंगती बसवायच्या असतील तर मात्र हिशेब वाढतो: मांडी घालून बसलेला माणूस आणि त्याच्या पुढचे ताट मिळून सव्वातीन ते साडेतीन फूट व्यापतात, अशा दोन ओळी आणि मधून वाढणाऱ्याला अडीच फूट धरले तर नऊ-साडेनऊ फुटांच्या खाली काम भागत नाही. झोपाळ्याची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण त्याला स्वतःच्या रुंदीखेरीज पुढे आणि मागे प्रत्येकी तीन फूट मोकळे लागतात. सहा फुटी पोर्चमध्ये टांगलेला झोपाळा ही केवळ टांगलेली फळी असते. मोटारीसाठी साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात, आणि ती ओसरीत मिळवण्याचा मोह झाला की माणसांची बसण्याची जागा मोटारीकडे जाते, हे सध्या रस्त्याकडेच्या जवळजवळ प्रत्येक नव्या घरात दिसते. लांबीचा निर्णय त्या मानाने सोपा आहे. जुन्या घरांत ती खणांत मोजली जाई. खण म्हणजे दोन खांबांमधील किंवा तुळयांमधील गाळा, आणि त्याची रुंदी उपलब्ध लाकडाच्या लांबीवर ठरत असे. आता लाकडाचे बंधन नसले तरी दोन खांबांमधील अंतर दहा फुटांच्या आत ठेवणे खर्चाच्या दृष्टीने शहाणपणाचे असते.

खरी गुंतागुंत रुंदीच्या आकड्यात नसून तो आकडा छपराशी जोडला गेल्यावर सुरू होते. छपराच्या बाहेर आलेल्या कडेला, जिथून पागोळ्या गळतात, वळचण म्हणतात, आणि ओसरी किती कोरडी राहील हे तिच्या रुंदीवर जितके अवलंबून असते तितकेच वळचणीच्या उंचीवर असते. वाऱ्याने पाऊस पंचेचाळीस अंशांत तिरपा झाला, आणि घाटमाथ्याच्या बाजूला ही नेहमीची गोष्ट आहे, तर तो वळचण जमिनीपासून जितकी उंच तितकाच आत येतो. वळचण साडेसात फुटांवर असेल तर साडेसात फूट फरशी भिजते आणि आठ फुटी ओसरीत भिंतीलगत अर्धा फूट कोरडा राहतो. हीच वळचण साडेपाच फुटांवर आणली तर अडीच फूट कोरडे मिळतात. मग वळचण खाली का आणू नये, या प्रश्नाचे उत्तर डोक्याला लागणाऱ्या वाशात आहे. मंगलोरी कौलांच्या छपराला साधारण तीस अंशांचा उतार द्यावा लागतो, अन्यथा पाणी कौलांच्या सांध्यांतून मागे चढते. या उतारात छप्पर आठ फूट पुढे येईपर्यंत सुमारे साडेचार फूट खाली उतरते. याचा अर्थ असा की भिंतीशी छप्पर दहा फुटांवर असेल, तर आठ फुटी ओसरीची वळचण साडेपाच फुटांवर येते आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला मान खाली घालावी लागते. ती साडेसहा-सात फुटांवर हवी असेल तर भिंतीशी छप्पर अकरा-साडेअकरा फुटांवर न्यावे लागते, म्हणजे संपूर्ण घराची उंची आणि खर्च वाढतो. जुन्या गवंड्यांनी आणि सुतारांनी हा पेच दोन युक्त्यांनी सोडवला होता. पहिली, पडवीचे छप्पर मुख्य पाख्यापासून, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूपासून, तोडून थोड्या कमी उताराने स्वतंत्र बसवणे. दुसरी, आणि अधिक सुंदर, जमीनच खाली उतरवणे: माजघर सर्वांत उंच, ओसरी त्याहून एक पायरी खाली, आणि बाहेरचा ओटा तिच्याहूनही खाली, ज्यायोगे छप्पर जसजसे खाली येते तसतशी पायाखालची भूमीही खाली जाते आणि डोक्यावरची मोकळीक कायम राहते. या पायऱ्यांना मानपानाचा अर्थ नंतर चिकटला असेल. मुळात त्या भूमितीच्या आहेत.

पत्र्याने हे सारे बदलले. पत्र्याला दहा अंशांचा उतार पुरतो, आठ फुटांत तो जेमतेम दीड फूट खाली येतो, आणि म्हणून पत्र्याच्या ओसरीची वळचण सहज आठ-साडेआठ फुटांवर राहते. प्रकाश भरपूर, डोके कशाला लागत नाही, मोटारसायकल सरळ आत. परंतु श्रावणात अशी ओसरी भिंतीपर्यंत ओली असते आणि मग वळचणीला ताडपत्री किंवा हिरवी जाळी बांधावी लागते, जी पुढे उन्हाळ्यातही तशीच लोंबत राहते. पश्चिम भागात पत्राच घालायचा असेल तर उतार वीस अंशांपर्यंत वाढवून वळचण मुद्दाम पावणेसात फुटांवर आणणे, आणि खांबांच्या रांगेबाहेर छप्पर आणखी दीड-दोन फूट पुढे काढणे, हे ताडपत्रीपेक्षा स्वस्त पडते. खांब कडेपासून आत राहिल्याने त्यांचे तळखडे, म्हणजे खांबाखालचे दगड, आणि नव्या बांधकामात लोखंडी खांबांचे बूडही कोरडे राहते.

उन्हाचा हिशेब अक्षांशावर ठरतो. जुन्नर सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरच्या उत्तरार्धात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे साधारण ४७ अंश उंचीवर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी सुमारे ७१ अंशांवर, आणि मेच्या मध्यावर तो थेट डोक्यावर येऊन पुढे काही आठवडे किंचित उत्तरेकडे सरकतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या, आठ फूट रुंदीच्या आणि साडेसात फुटांवर वळचण असलेल्या ओसरीत त्यामुळे हिवाळ्यात दुपारी सुमारे सात फूट आतपर्यंत ऊन येते, विषुवदिनी ते अडीच फुटांवर थांबते आणि मे महिन्यात माध्यान्ही येतच नाही. थंडीत ऊन खात बसायला आणि उन्हाळ्यात सावलीत पडायला एकच जागा मिळते, ती कोणतेही यंत्र न लावता. लेण्याद्रीच्या दक्षिणाभिमुख ओसऱ्यांनाही हाच लाभ मिळतो. पश्चिमेकडे तोंड केलेल्या ओसरीला हे गणित लागू पडत नाही. एप्रिलच्या मध्यावर पावणेपाचच्या सुमारास सूर्य तीस अंशांपर्यंत उतरलेला असतो, आणि त्याची किरणे त्याच आठ फुटी ओसरीची पूर्ण फरशी ओलांडून भिंतीवर तीन फूट चढतात. तेथे रुंदी वाढवून काही साधत नाही. कडेला जाळीदार वीटकाम, वेल किंवा झाड हाच उपाय उरतो. प्लॉटचा रस्ता पश्चिमेला असेल तर दार पश्चिमेला ठेवूनही बसायची ओसरी दक्षिणेला वळवता येते, पण रस्ता दिसला पाहिजे हा आग्रह बहुधा उन्हापेक्षा प्रबळ ठरतो.

जोते, म्हणजे घर ज्या भरीव चौथऱ्यावर उभे राहते त्याची उंची, राष्ट्रीय इमारत संहितेनुसार भोवतालच्या जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट असावी. ही उंची चढायला १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या पुरतात, आणि प्रत्येक पायरीचा पाय ठेवायचा भाग ३० सेंटिमीटर असला तर म्हाताऱ्या माणसालाही त्या अवघड जात नाहीत. चाकाच्या खुर्चीसाठी उतरण करायची असल्यास एकास बारा या प्रमाणाने ती ५.४ मीटर लांब होते, आणि इतकी जागा घरासमोर सरळ रेषेत क्वचितच मिळत असल्याने ती ओसरीच्या लांबीला समांतर नेणे सोयीचे असते. ओसरीची फरशी आतल्या खोलीपेक्षा निदान दोन इंच खाली आणि बाहेरच्या बाजूला साठास एक असा उतार देऊन बसवावी लागते. आठ फुटांत हा उतार दीड इंचाच्या आसपास भरतो, डोळ्यांना जाणवत नाही, पण पाणी उंबऱ्याकडे येत नाही. गुळगुळीत चकाकणाऱ्या टाइल्स ओल्या झाल्यावर घसरतात, म्हणून खरबरीत शहाबादी फरशी किंवा कोबा येथे अजूनही सरस ठरतो. छपरावरच्या पाण्याचे प्रमाण कमी लेखले जाते: एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी देतो, म्हणून वीस फूट लांब आणि आठ फूट रुंद ओसरीच्या छपरावरून १०० मिलिमीटर पावसाच्या दिवशी सुमारे दीड हजार लिटर पाणी वळचणीखाली पडते, आणि मागच्या मुख्य छपराचे पाणी त्यावरूनच उतरत असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. कडेला पन्हळ नसेल किंवा खाली दगडी पट्टी नसेल, तर दोन-तीन पावसाळ्यांत हे पाणी जोत्याच्या पायथ्याची माती उकरून काढते.

पायाच्या बाबतीत एक चूक वारंवार घडते. घराचा पाया खोलवर मुरमापर्यंत नेला जातो आणि ओसरीचे खांब मात्र, वरचे वजन हलके असल्याच्या समजुतीने, दोन फुटांवर उभे केले जातात. घोड, मीना आणि कुकडी या नद्यांच्या काठच्या काळ्या मातीत, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, असे उथळ खांब दरवर्षी वर-खाली होतात, घर स्थिर राहते, आणि जोडावर भिंतीत तडा उमटतो. खांबांचा पाया घराइतकाच खोल नेणे, किंवा ओसरी घरापासून मुद्दाम सुटी ठेवून मधला सांधा लवचीक पदार्थाने भरणे, असे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. तडा दरवर्षी सिमेंटने बुजवणे हा तिसरा, आणि सर्वांत लोकप्रिय. पश्चिमेच्या डोंगरउतारावर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तेथे उतार खोदून मागची जागा सपाट करतात आणि निघालेली माती पुढे टाकून अंगण वाढवतात, त्यामुळे घर कापलेल्या घट्ट भूमीवर आणि ओसरी नेमकी सैल भरावावर येते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावल्यानंतर या तालुक्यांत उतारावरच्या बांधकामाकडे हलक्या नजरेने पाहणे शक्य राहिलेले नाही. ओसरीपुरते बोलायचे तर भरावावरचे खांब मूळ जमिनीपर्यंत उतरवले पाहिजेत आणि मागच्या कापलेल्या दरडीचे पाणी घराला वळसा घालून चराने बाहेर काढले पाहिजे.

खांबांशिवाय, भिंतीतून बाहेर काढलेल्या अधांतरी स्लॅबचा पोर्च सध्या विशेष पसंत केला जातो. असा स्लॅब एका टोकालाच धरलेला असल्याने त्याचा ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळया वर असाव्या लागतात. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली त्या दबून खाली गेल्या, तर स्लॅब आधार काढताच झुकतो किंवा पुढे कधीतरी अचानक खाली येतो. भारतीय मानक ४५६ मध्ये अशा स्लॅबसाठी लांबी आणि जाडी यांचे मूळ प्रमाण सातास एक धरले आहे, त्यावरून पाच फूट बाहेर आलेल्या स्लॅबची मुळाशी उपयुक्त जाडी साधारण २२ सेंटिमीटर येते; सळयांच्या प्रमाणानुसार ती काहीशी कमी करता येते, परंतु तो निर्णय अभियंत्याचा आहे. पत्र्याच्या छपरांना वजनाची भीती नसते, उचलले जाण्याची असते. उघड्या ओसरीत शिरलेला वारा पत्रा खालून ढकलतो आणि वरून जाणारा वारा त्याला ओढतो, म्हणूनच ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर, आंबेगाव आणि शेजारच्या तालुक्यांत घरांचे पत्रे मोठ्या प्रमाणावर उडाले. पुणे परिसरासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरलेला आहे. पत्रा अँगलला, अँगल खांबाला आणि खांब पायाला असा अखंड जखडलेला नसेल तर पत्र्यावर ठेवलेले दगड या वेगापुढे काही करू शकत नाहीत, उलट तेच खाली येतात.

परवानगीचा भाग थोडक्यात सांगता येतो. गावठाणातील बांधकामावर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने ग्रामपंचायतीचे नियंत्रण आहे, जुन्नर शहरात ते नगरपरिषदेकडे आहे. घराभोवती मोकळे सोडायचे अंतर, ज्याला सामासिक अंतर म्हणतात, त्यात छप्पर असलेली ओसरी कितपत चालते हे नकाशा करण्याआधी विचारून घ्यावे लागते. पूर्वी ओसरी स्वतःच्या जागेत आणि पायऱ्या गल्लीत, असा सर्वसंमत प्रकार असे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकतपत्रिका तयार होऊ लागल्यापासून त्या पायऱ्या नकाशावर उमटू लागल्या आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर आहे, आणि एवढ्या घरात ओसरी ही चैन वाटणे साहजिक असले तरी, हिरडा वाळवण्यापासून पाहुणा निजवण्यापर्यंतची कामे त्या दोन खोल्यांत होत नाहीत. अनेक कुटुंबे पुढे स्वतःच्या पैशाने पत्र्याची पडवी काढतात. घरकुलाचे जोते घालतानाच तिच्या खांबांचे पाये घालून ठेवले तर नंतरचा खर्च बराच वाचतो.

गेल्या पंचवीस वर्षांत या भागातील ओसरीच्या रचनेत आणखी एक विचार शिरला आहे, जो कोणत्याही संहितेत नाही. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी आणि कालव्यांनी ऊस आणला, उसाने बिबट्याला लपण आणि पिलांसाठी जागा दिली, आणि जुन्नर वनविभाग, ज्यात आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुकेही येतात, माणूस आणि बिबट्या यांच्या संघर्षासाठी देशभर ओळखला जाऊ लागला. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र उभे राहिले. रात्री उघड्यावर झोपू नये, घराभोवती उजेड ठेवावा, जनावरे बंदिस्त गोठ्यात बांधावीत, हे वनखात्याचे सांगणे उन्हाळ्यात ओट्यावर अंथरूण टाकण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीच्या थेट विरोधात जाते. म्हणून मळ्यातल्या, वस्तीवरच्या घरांच्या ओसऱ्यांना आता लोखंडी जाळ्या लागल्या आहेत. कमरेएवढा कठडा बिबट्याला अडवत नाही, आणि छपरापर्यंत न पोहोचलेली जाळीही नाही, कारण तो चढणारा प्राणी आहे. जाळी जोत्यापासून तुळईपर्यंत आणि बाजूंनाही पूर्ण असावी लागते, गजांमधील अंतर चार इंचांपेक्षा अधिक नसावे, आणि अंथरूण जाळीपासून हातभर आत असावे. एवढी बंद केलेली ओसरी आगीच्या वेळी पिंजरा ठरू नये यासाठी जाळीच्या दाराची कडी आतून, किल्लीशिवाय, लहान मुलाच्याही हाताला येईल अशी बसवावी लागते. आठ फूट रुंदीला याने आणखी एक कारण मिळते, कारण जाळीपासून दूर बाज टाकून वाट मोकळी ठेवायला सहा फुटी ओसरी पुरत नाही.

जागेवर आखणी करताना गवंडी चुन्याची फक्की टाकून पायाच्या रेषा काढतो, आणि खोदकाम सुरू होण्याआधीचा तो एक दिवस मापे तपासण्यासाठी सर्वांत स्वस्त असतो. ओसरीच्या रेषेत खरी बाज टाकावी, तिच्या पुढून घरातल्या सर्वांत जाड माणसाने चालून पाहावे, वळचणीच्या जागी एक बांबू रोवून त्यावर तिची उंची खुणेने दाखवावी, आणि तेथून पंचेचाळीस अंशांत एक दोरी भिंतीच्या रेषेकडे ताणावी. दोरी जिथे जमिनीला टेकते तिथपर्यंत आषाढात पाणी येणार असते.